गेम अटकतो आहे. कार्ड बदलू, प्रोसेसर की सगळंच?

वाचकाचं पत्र:

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, साताऱ्यात राहतो. माझा पीसी २०१९ मधला आहे. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम (२६६६), जीटीएक्स १६५० चं ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ हे २४० जीबीच्या एसएसडीवर आहे आणि गेम सगळे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आला होता, त्यावर ४५० वॉट लिहिलं आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, १०८०पी. व्हॅलोरंट ११० ते १३० एफपीएसवर (सेकंदाला एवढ्या फ्रेम) चालतो, पण मधेच झटके बसतात. सायबरपंक २०७७ मध्ये गाडी चालवताना गेम सेकंद-दोन सेकंद थांबतो, एरवीही २५-३० च्या वर जात नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदला. मित्र म्हणतो डोळे झाकून आरटीएक्स ४०६० घे. माझ्याकडे २५ हजार आहेत. काय बदलू?

उत्तर:

तुमच्या पत्रात एक नाही, तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. व्हॅलोरंटमधले झटके ही एक. सायबरपंकमध्ये गाडी चालवताना गेम थांबणं ही दुसरी. एरवीही एफपीएस २५-३० च्या वर न जाणं ही तिसरी. दुकानदार आणि मित्र दोघांनीही या तिन्हींना 'पीसी स्लो आहे' असं एकच नाव दिलं, म्हणून दोघांचे सल्ले तुमच्या पैशाला भारी पडतील.

निकाल आधी सांगून टाकतो: पहिल्यांदा एक पैसाही न खर्चता सायबरपंक एसएसडीवर हलवा. मग रॅमची दुसरी स्टिक. मग एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि कार्ड, हे दोन्ही एकाच दिवशी. प्रोसेसरला आत्ता हात लावू नका. आता का, ते बघू.

सायबरपंकला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २.० ही मोठी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने गेमच्या किमान गरजाच बदलल्या. किमान कार्ड जीटीएक्स १०६० चं ६ जीबी, किमान रॅम १२ जीबी, किमान प्रोसेसर रायझन ५ १६०० किंवा कोअर आय७ ६७००, आणि एसएसडी सक्तीची. आता तुमची यादी शेजारी ठेवा. कार्ड नापास, रॅम नापास, हार्ड डिस्क नापास. पास झालेली वस्तू एकच, ती म्हणजे प्रोसेसर. आणि दुकानदार नेमका तोच बदलायला सांगतो आहे! त्याचं ऐकून २५ हजारांत नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम घेतली, तर घरी आल्यावर त्यात लागणार तीच जीटीएक्स १६५०, आणि सायबरपंक तिथेच २५-३० वर उभा असेल. 'या प्रोसेसरवर विंडोज ११ चालत नाही' असंही काही ठिकाणी सांगतात. मायक्रोसॉफ्टच्या यादीपुरतं ते पहिल्या पिढीच्या रायझनबद्दल खरं आहे. २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे आणि तुमच्याकडे ते चालूच आहे.

गाडी चालवताना गेम का थांबतो? शहरात वेगाने जाताना पुढच्या रस्त्याच्या इमारती, पाट्या, माणसं सतत डिस्कवरून उचलावी लागतात, आणि ती डिस्कवर विखुरलेली असतात. हार्ड डिस्कची सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला १० ते १५ मिलीसेकंद घेते. ६० एफपीएसला एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलीसेकंद. म्हणजे सुईची एक उडी जवळजवळ एक फ्रेम खाते, आणि इथे उड्या शेकड्यांनी आहेत. यात कितीही महागडं कार्ड टाका, ते डिस्कची वाट बघत बसणार.

उपाय तुमच्या कॅबिनेटमध्येच आहे. सायबरपंकला ७० जीबीच्या आसपास जागा लागते, आणि २४० जीबीच्या एसएसडीत विंडोज धरूनही ती निघते. आधी डाउनलोड आणि डेस्कटॉपवरचा पसारा हार्ड डिस्कवर हलवा. गेम स्टीमवर असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजला जाऊन सी ड्राइव्ह जोडा. मग लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथलं मूव्ह इन्स्टॉल फोल्डर. पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही. फक्त एसएसडी गच्च भरू देऊ नका, ३०-४० जीबी मोकळे राहू द्या; पूर्ण भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना हार्ड डिस्कसारखी रांगायला लागते. पुढे कधी दुसरी एसएसडी घ्यालच, तेव्हा बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉटचं पान वाचा. बऱ्याच बी४५० बोर्डांवर एम.२ ला एसएसडी लावली की साटाचे (हार्ड डिस्क जोडायचे) एक-दोन पोर्ट बंद होतात, आणि मग 'हार्ड डिस्क गेली' म्हणून लोक घाबरतात. एवढं मात्र ध्यानात असू द्या: एसएसडीने अटकणं थांबतं, सरासरी एफपीएस वाढत नाही.

मोजायचं कसं

खर्चाला हात घालण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजण्यात घालवा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर टाका. दोन्ही फुकट आहेत आणि कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं दिसेल असं करा: एफपीएस, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख, कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाची मेमरी, कार्डाचं तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक धाग्याचा (थ्रेडचा) वापर सुटा सुटा, आणि एकूण रॅम. गेममध्ये व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे खोटं बोलतात. मग नेहमीच्या गर्दीच्या ठिकाणी दहा मिनिटं खेळा. सायबरपंकमधली तयार बेंचमार्क चाचणी कार्डासाठी ठीक आहे. प्रोसेसर आणि डिस्क जोखायची असेल तर बाजारपेठेतून चाला आणि भर रस्त्यात गाडी चालवा.

आकडे वाचायची रीत सोपी आहे. एक जण भाकऱ्या थापतोय आणि दुसरा तव्यावर भाजतोय असं समजा. थापणारा प्रोसेसर, भाजणारं कार्ड. कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर तवा भरलेला आहे. थापणाऱ्याचा वेग वाढवून एकही भाकरी जास्त मिळणार नाही. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, मर्यादा काहीही घातलेली नसेल आणि तरी एफपीएस कमी असतील, तर तवा रिकामा आहे आणि थापणारा मागे पडलाय.

इथे एक फसगत हमखास होते. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दाखवतो आणि आपण म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. तुमच्या २६०० मध्ये ६ कोअर आणि १२ धागे आहेत. गेमचं मुख्य काम बहुधा एका-दोन धाग्यांवरच पडतं. त्यातला एक धागा पुरता दमला, तरी एकूण आकड्यात तो फक्त ८ टक्के दिसतो. म्हणून धागे सुटे बघायचे.

खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस भराभर वाढले तर अडसर कार्डाचा होता. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरचा किंवा रॅमचा. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि दुकानातल्या अर्ध्या तासाच्या चर्चेपेक्षा तिचा निकाल पक्का असतो.

कार्डाच्या मेमरीचा आकडा वेगळा बघा. सायबरपंकमध्ये तो तुमच्याकडे ४ जीबीच्या कडेला टेकलेला दिसेल. मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि बोर्डाच्या स्लॉटमधून ये-जा करतो. तिथे फ्रेमटाइमच्या आलेखात सुळके उठतात. नवं कार्ड येईपर्यंत टेक्स्चर मीडियमवर ठेवा (हे सेटिंग मुख्य मेनूतूनच बदलतं, चालू गेममध्ये नाही), स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स लो किंवा बंद, आणि एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं तंत्र) क्वालिटीवर. डीएलएसएस हे एनव्हिडियाचं तसंच तंत्र जीटीएक्सवर चालत नाही, एफएसआर चालतं. क्राउड डेन्सिटी लो केली की प्रोसेसरचा भारही हलका होतो.

तापमानही बघाच. २६०० साठी ९५ अंश ही हद्द आहे. खेळताना ८५ च्या पुढे जात असेल तर आधी सफाई. पाच-सहा वर्षांत पंख्याखालच्या जाळीत धुळीचा थर बसतो आणि प्रोसेसर व कूलरमधली पेस्ट वाळते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. कूलर काढण्यापूर्वी दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवा. एएम४ मध्ये (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरला असतात. थंड, वाळलेल्या पेस्टवर सरळ वर ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसोबत येतो आणि पिना वाकतात. हे इतक्यांदा घडतं की त्याला अपघात म्हणावंसं वाटत नाही.

रॅम

व्हॅलोरंटचे झटके बहुतेक रॅमचे आहेत. ८ जीबीतली साधारण ३ जीबी विंडोजच घेतं, वर क्रोम आणि डिस्कॉर्ड. गेमला उरतं ते अपुरं पडलं की विंडोज डिस्कवर मालाची ने-आण सुरू करतं, आणि तेवढ्यात तुम्ही समोरच्याच्या गोळीने गेलेले असता. पण तुमच्या बाबतीत दुसरंही कारण आहे: स्टिक एकच आहे. बोर्डाला रॅमचे दोन मार्ग असतात आणि तुम्ही एकच वापरताय. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माल देते, दोन असतील तर ४२.६. रायझनच्या या पिढ्यांत प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा रस्ताही रॅमच्याच ठेक्यावर चालतो, त्यामुळे रायझनवर मंद आणि एकटी रॅम जास्त जाणवते. सरासरी एफपीएस फार न वाढता सर्वांत खालचे एक टक्का एफपीएस वर येतात, आणि खेळताना हाताला जाणवतं ते तेच.

स्टिक घेताना सीपीयू-झेड चालवून त्यातलं एसपीडीचं पान बघा. तुमच्या स्टिकचा पार्ट नंबर तिथे मिळतो. तोच मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी ८ जीबी, डीडीआर४, १.२ व्होल्ट, २६६६ किंवा ३२०० असली की बहुधा जुळते. दोन्ही स्टिक हळू असलेलीच्या वेगाने चालतात. जुनी स्टिक चांगल्या किमतीला जाणार असेल तर ८-८ ची ३२०० ची जोडी घेणं अधिक शहाणपणाचं, कारण पुढे प्रोसेसर बदलाल तेव्हा ती कामाला येईल. २६०० वर ३२०० टिकेलच असं नाही. एएमडीचा अधिकृत आकडा २९३३ आहे. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग देणारं सेटिंग, लावून पीसी वेडंवाकडं वागायला लागला तर २९३३ वर आणा आणि पुढे चला. त्यात फार काही गमावत नाही.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. शेजारी-शेजारी पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर १६ जीबी दिसतील, पण मार्ग एकच राहील. सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर ड्युअल किंवा २ x ६४-बिट दिसलं म्हणजे झालं. स्टिक 'कट्' आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे पीसी चालू न होण्याचं सर्वांत साधं आणि सर्वांत उशिरा सुचणारं कारण. रात्री झोपताना मेमटेस्ट८६ लावून ठेवा. सकाळी एकही चूक दिसली तर स्टिक परत करा. 'एखादी चालते' असं नसतं.

एसएमपीएस, मग कार्ड

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवरच्या ४५० या आकड्याला फसू नका. कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. त्याला १२ ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तुमच्या कामाचे वॉट तेवढेच. कितीतरी '४५० वॉट'वर तिथे १८ अँपिअर असतात, म्हणजे २१६ वॉट. आता हिशेब करा: तुमचा ६५ वॉटवाला प्रोसेसर भरात ८८ पर्यंत घेतो, जीटीएक्स १६५० घेते ७५, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ४०. एकूण २०० च्या आसपास. म्हणून आजवर निभावलं. त्याच जागी १३२ वॉटचं कार्ड लावलं की २६० होतात, शिवाय कार्ड काही मिलीसेकंदांसाठी त्याहून जास्त ओढतं. मग गेम ऐन रंगात आला की पीसी धाडकन बंद. लोक कार्ड परत करायला दुकानात जातात, दोष असतो एसएमपीएसचा.

अशा एसएमपीएसला कार्डाची ८ पिनची वायर सहसा नसते, आणि दुकानात 'कन्व्हर्टर लावून देतो' म्हणतात. जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनी वायरीवरून ८ पिन काढणारा तो तुकडा. नको. ८ पिनचा जोड १५० वॉटसाठी आहे, त्या बारक्या वायरी त्यासाठी नाहीत. वितळलेले प्लग याच ठिकाणी मिळतात. प्रोसेसरची ४+४ पिनची वायरही ८ पिनचीच दिसते, पण ती कार्डाला लावायची नसते. कार्डाची ६+२ अशी फुटते. बळ लावून बसवावं लागतंय असं वाटलं की थांबा.

५५० वॉटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर देणारा, कार्डाच्या किमान दोन ६+२ वायरी असलेला आणि पाच वर्षांची वॉरंटी देणारा एसएमपीएस घ्या. ब्राँझचं चिन्ह असलंच पाहिजे, पण ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल किती टिकाऊ ते नाही. ते वॉरंटीची वर्षं सांगतात. हा एसएमपीएस पुढच्या पीसीतही जाईल.

तुमच्याकडे यूपीएस असेलच. नेहमीचा ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. नवा पीसी आणि मॉनिटर मिळून त्यात बसतात, पण बॅटरी तीन वर्षांची जुनी असेल तर लाइट गेल्यावर गेम सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही. चांगल्या नव्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारी सोय) असतं आणि काही स्वस्त यूपीएसच्या तुटक लहरीशी त्याचं पटत नाही: लाइट गेली की यूपीएस टूं करतो आणि पीसी तरीही बंद पडतो. घेतल्या दिवशीच मेन स्विच बंद करून तपासा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, खोलीला अर्थिंग नाही.

आता कार्ड. तुमच्या मॉनिटरसाठी आणि बजेटसाठी आमची निवड रेडिऑन आरएक्स ६६०० ही आहे. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एक ८ पिन. १०८०पी वर ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला याहून मोठं कार्ड लागत नाही. आरएक्स ७६०० थोड्याच फरकाने मिळत असेल तर ते घ्या. ते १६५ वॉटचं आहे, ५५० च्या एसएमपीएसवर आरामात चालतं. तुमच्या बाबतीत रेडिऑन घ्यायचं आणखी एक कारण आहे. ७५ हर्ट्झच्या बऱ्याच मॉनिटरांत फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या एफपीएसशी जुळवणारी सोय) असतं, पण ते मॉनिटर जोडलेले असतात एचडीएमआयने. रेडिऑन कार्ड जुन्या एचडीएमआयवरही फ्रीसिंक चालवतं. एनव्हिडियाच्या कार्डांना अशा मॉनिटरवर त्यासाठी डिस्प्लेपोर्ट लागतो. ५०-६० एफपीएसच्या पट्ट्यात फ्रीसिंकमुळे चित्र जेवढं सुधारतं तेवढं अल्ट्रा सेटिंगने सुधारत नाही.

मित्राचं आरटीएक्स ४०६० वाईट नाही. ते फक्त ११५ वॉट घेतं आणि डीएलएसएस देतं. पण तुमचे सगळे २५ हजार तेच गिळेल, बहुधा त्याच्याही वर मागेल; रॅम तशीच एकटी राहील, एसएमपीएस तोच, आणि २६०० त्याला पुरेशा भाकऱ्या थापून देणार नाही. शिवाय जुन्या प्रोसेसरवर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं ओझं डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये रेडिऑनपेक्षा जास्त जाणवतं.

दोन कार्डांपासून लांब राहा. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण त्याला बोर्डाशी बोलायला चारच मार्गिका आहेत. तुमचा बी४५० पीसीआय एक्सप्रेस ३.० वर चालतो, म्हणजे त्या चारही अर्ध्या वेगाच्या. त्यात मेमरी पुन्हा ४ जीबीच. (६६०० ला आठ मार्गिका आहेत, ३.० वर थोडं नुकसान होतं, पण ८ जीबी मेमरी असल्याने सहन होतं.) दुसरं इंटेल आर्क. १२ जीबीचं बी५८० आकर्षक आहे, मात्र ते रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम खुली करणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगशिवाय) लंगडतं आणि जुन्या प्रोसेसरवर जास्तच मार खातं.

एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी हा एक मार्ग आहे: ७० वॉट, वायर नको. पण ६६०० च्या तुलनेत ते बरंच मागे आहे, आणि ३०५० चं ८ जीबी वेगळं, जास्त ताकदीचं कार्ड आहे. नाव एकच, ताकद वेगळी. बिलावर ६ की ८ ते नीट लिहून घ्या.

सेकंड हँड घ्यायचं म्हणाल तर चालेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तशी कार्डं भरपूर फिरतात. पण चालू पीसीत लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेडमध्ये नाव आणि मेमरी तपासा, मग फरमार्क १५ मिनिटं. स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन दिसले तर उठून या. रेडिऑनमध्ये कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) असे दोन आकडे असतात. त्यांच्यात ३० अंशांहून जास्त फरक असेल तर पेस्ट वाळली आहे, ते दुरुस्त होतं, भाव कमी करून घ्या. मूळ बिल आणि सीरियल नंबर मिळाला तर उरलेली वॉरंटी वापरता येते का ते कंपनीला विचारता येईल.

कार्ड आणण्यापूर्वी टेप घेऊन कॅबिनेट मोजा. दोन पंख्यांची ६६०० साधारण १९ ते २४ सेंटीमीटर असते. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो का बघा. मॉनिटरला नुसता व्हीजीए असेल तर नव्या कार्डावर ते भोक सापडणार नाही. एनव्हिडियावरून रेडिऑनला जाताना इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर पुसा, पीसी बंद करा, मग कार्ड बदला, मग एएमडीचा ड्रायव्हर टाका. नंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ७५ हर्ट्झ निवडलेलं आहे ना ते पाहा. नवं कार्ड लावल्यावर ते गुपचूप ६० वर बसलेलं असतं.

प्रोसेसरचं काय? तुमचा व्हॅलोरंट १२० वर चालतो आणि मॉनिटर ७५ दाखवतो. वरचे ४५ तुम्हाला दिसतच नाहीत. झटके गेल्यावर तिथे तक्रार उरणार नाही. ज्या दिवशी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घ्याल, त्या दिवशी याच बोर्डात रायझन ५ ५६०० बसवा. ५५०० नको, त्यात ५६०० च्या निम्मी, म्हणजे १६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे आणि गेमला कॅशच लागते. जो वाचक फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळतो आणि ज्याच्याकडे १४४ हर्ट्झ आधीच आहे, त्याच्यासाठी हा क्रम उलटा: रॅम, मग प्रोसेसर, कार्ड शेवटी.

प्रोसेसर बदलाल तेव्हा बायोस आधी अपडेट करायचं, प्रोसेसर नंतर लावायचा. जुन्या बायोसवर ५६०० लावला तर स्क्रीन काळीच राहते. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि रिव्हिजन शोधा, प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर कोणती आवृत्ती लिहिली आहे ते बघा, फाइल एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका आणि यूपीएसवर असतानाच अपडेट करा; मधे लाइट गेली तर बोर्डाचा दगड होतो. विंडोजला बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) लागलेलं असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. अपडेटनंतर बायोसची सगळी सेटिंग्ज मूळ पदावर जातात. एक्सएमपी पुन्हा लावा, एफटीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग्ज चालू करा, नाहीतर विंडोज ११ वर व्हॅलोरंट व्हॅन ९००१ किंवा व्हॅन ९००३ अशी चूक दाखवून उघडणारच नाही.

राहता राहिला पैशांचा मेळ. रॅमचे आणि कार्डांचे भाव आठवड्यात हलतात, म्हणून आकडे देत नाही. रॅम आणि एसएमपीएस घेऊन उरलेल्यात नवं ६६०० बसत नसेल, तर एसएमपीएसमध्ये काटकसर करून बसवू नका. कार्डासाठी दोन महिने थांबा. तोवर एसएसडी आणि १६ जीबीवर सायबरपंक बऱ्यापैकी सुसह्य होईल. जीटीएक्स १६५० मात्र लगेच विकू नका. नवं कार्ड पंधरा दिवस नीट चाललं की मग काढा. तुमच्या १६५० ला वरून वायर लागत नसेल तर ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड पीसीवाल्यांना तेच हवं असतं. जाहिरातीत 'पॉवर केबल लागत नाही' हे पहिल्या ओळीत लिहा.